शाळेतला धर्म: धानोऱ्याच्या निमित्ताने एक आढावा

गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यात मोहगाव नावाचे गाव आहे. तिथल्या ग्रामसभेने २०१९ मध्ये स्वतःची शाळा सुरू केली आणि तिला ‘पारंपरिक कोया ज्ञानबोध संस्कार गोटूल’ असे नाव दिले. शिकवायचे ते गोंडीतून, आणि इतर विषयांबरोबर आपले सण, जंगल, पूर्वज, पेन (गोंडांची दैवते) यांचे ज्ञानही मुलांना द्यायचे, असे गावाने ठरवले. काही वर्षांतच शिक्षण विभागाची नोटीस आली. शाळेला मान्यता नाही, तेव्हा ती बंद करा, नाही तर दंड भरा, असा तिचा आशय होता. शिक्षणहक्क कायद्याच्या अठराव्या कलमात विनामान्यता शाळेला एक लाख रुपयांपर्यंत दंड आणि त्यानंतरही ती चालू राहिल्यास दररोज दहा हजार रुपये दंडाची तरतूद आहे. ग्रामसभा उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेली. या प्रकरणाची जी चर्चा झाली ती बहुतेक मातृभाषेच्या अंगाने झाली, आणि ती रास्तच होती. २०११ च्या जनगणनेत जवळजवळ तीस लाख लोकांनी आपली मातृभाषा गोंडी सांगितली, तरी ही भाषा आठव्या अनुसूचीत नाही. पण या प्रकरणाला दुसरे एक अंग आहे. शिक्षणहक्क कायद्यात २०१२ मध्ये दुरुस्ती झाली आणि मदरसे, वेदपाठशाळा व प्रामुख्याने धार्मिक शिक्षण देणाऱ्या संस्था कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवल्या गेल्या. म्हणजे ग्रंथ असलेल्या, पुरोहित वा मौलवी असलेल्या धर्माची शाळा कायद्याला ओळखता येते. जिथे भाषा, शेती, जंगल आणि श्रद्धा एकाच वेळी शिकल्या जातात ते गोटूल कोणत्या रकान्यात टाकायचे, हे मात्र त्याला उमगत नाही. ते नुसती धार्मिक संस्था नाही म्हणून सवलत नाही, आणि नेहमीची शाळा नाही म्हणून मान्यता नाही.

शाळेत धर्माला जागा द्यावी का, दिली तर कोणती, आणि ती सांभाळणाऱ्या शिक्षकाच्या पाठीशी कोणी उभे राहायचे, हा प्रश्न आपल्याकडे नेहमी पुणे-मुंबईच्या वादांतून पुढे येतो. तो धानोऱ्यात उभे राहून पाहिला तर वेगळा दिसतो. शाळेत धर्म आणावा की नाही हा वाद तिथे निरर्थक ठरतो, कारण शाळेत धर्म कधीचाच आहे. नाही तो त्याचा अभ्यास. तो अभ्यास सुरू करायचा असेल तर सुरुवात मुलाच्या गावापासून करावी लागेल, आणि नवे पुस्तक छापण्याआधी शिक्षकाला तयार करावे लागेल.

घटना याच्या आड येते, असा समज सार्वत्रिक आहे. अनुच्छेद २८ म्हणतो की संपूर्णपणे राज्याच्या पैशावर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देता येणार नाही. अनुदानित वा मान्यताप्राप्त संस्थेत ते दिले जात असेल तर विद्यार्थ्यावर, आणि तो अज्ञान असेल तर पालकाच्या संमतीविना, सक्ती करता येणार नाही. पण घटना समितीत ७ डिसेंबर १९४८ रोजी या तरतुदीवर चर्चा झाली तेव्हा डॉ. आंबेडकरांनी एक भेद स्पष्ट केला होता. एखाद्या पंथाची मते विद्यार्थ्याच्या मनावर बिंबवणे वेगळे आणि धर्मविषयाचे संशोधन व अध्ययन वेगळे, असे त्यांचे म्हणणे होते. सरकारी शाळेत धर्मशिक्षण का नको याचीही कारणे त्यांनी दिली. ज्या करातून शाळा चालते तो सर्वांचा आहे, वर्गात अल्पसंख्य मुले असतात, आणि मोक्षाचा मार्ग आपल्यालाच ठाऊक असल्याचा प्रत्येक धर्माचा दावा असल्याने वर्गात तंटे माजतील. १९७१ मध्ये पंजाबातील डीएव्ही महाविद्यालयाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गुरू नानकांच्या जीवनाचा व शिकवणीचा अभ्यास हे धार्मिक शिक्षण नव्हे असे ठरवले. सप्टेंबर २००२ मध्ये अरुणा रॉय खटल्यात राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यातील धर्मविषयक भाग याच आधारावर टिकला. न्या. धर्माधिकारी यांनी आपल्या स्वतंत्र निकालपत्रात मात्र इशारा दिला की अभ्यास आणि प्रचार यांतली रेघ बारीक आहे आणि तिच्यावर सतत लक्ष ठेवावे लागेल. तेव्हा कायद्याचा अडसर नाही. ती बारीक रेघ रोज सकाळी वर्गात कोण ओळखणार, ही खरी अडचण आहे, आणि ते काम न्यायाधीशाचे नसून शिक्षकाचे आहे.

समित्यांची कमतरता कधीच नव्हती. १८५४ च्या वूडच्या खलित्याने सरकारी शाळा धर्मनिरपेक्ष ठेवल्या. १८८२ च्या हंटर आयोगाने नैसर्गिक धर्माच्या पायावर नीतीचे पाठ्यपुस्तक असावे अशी सूचना केली. जोतीराव फुल्यांनी ज्या आयोगापुढे बहुजनांच्या शिक्षणाची कैफियत मांडली तो हाच आयोग. गांधीजींनी १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेनंतरच्या नई तालीम योजनेतून धर्मशिक्षण जाणूनबुजून बाजूला ठेवले, कारण आज ज्या रीतीने धर्म शिकवले जातात त्यातून ऐक्याऐवजी कलह वाढतो असे त्यांना वाटत होते. स्वातंत्र्यानंतर श्रीप्रकाश समितीने १९६० मध्ये अहवाल दिला. कोठारी आयोगाने धर्माचे शिक्षण आणि धर्मांविषयीचे शिक्षण यांत स्पष्ट फरक करून दुसऱ्याची शिफारस केली. आपल्या शंकरराव चव्हाणांच्या अध्यक्षतेखालील संसदीय समितीने १९९९ मध्ये मूल्यशिक्षणावरील अहवालात मुलांना सर्व धर्मांची मूलतत्त्वे सांगावीत असे सुचवले. दीडशे वर्षांत शिफारशींचा सूर फारसा बदलला नाही. अंमलबजावणीत मात्र दर वेळी एकच झाले. ‘धर्मांविषयी’ हा अवघड भाग गळाला आणि ‘मूल्ये’ हा सोपा भाग उरला. सत्य बोलावे, हिंसा करू नये, मोठ्यांचा मान राखावा. याला कोणाचा विरोध असणार? पण शेजारच्या घरात मृत्यूनंतर प्रेताला दहन करत नाहीत, पुरतात, ते का, या मुलाच्या साध्या प्रश्नाला मूल्यांच्या तक्त्यात उत्तर नसते. आणि अभ्यासाची जागा रिकामी राहिली की तिथे पाठांतर येऊन बसते. मे २०२४ मध्ये राज्याच्या शालेय अभ्यासक्रम आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला. त्यात मनाचे श्लोक आणि गीतेचा बारावा अध्याय यांच्या पाठांतराची सूचना होती, शिवाय मनुस्मृतीतील एक श्लोकही उद्धृत केलेला होता. त्यावरून उठलेले वादळ योग्यच होते. पण विरोध करणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी मग धर्माविषयी नेमके काय शिकवावे हे सांगितले.

आता धानोऱ्याकडे वळू. तालुका अनुसूचित क्षेत्रात येतो. गोंड, हलबा, कंवर, प्रधान, त्यांच्या शेजारी बौद्ध आणि हिंदू कुटुंबे, काही ख्रिस्ती व मुस्लिम, असा गावांचा संसार आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत दिवस परिपाठाने सुरू होतो. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, प्रार्थना, सुविचार, बोधकथा. पुढे वर्षभर जयंत्या, सण, शारदापूजन. यात कोणाचा वाईट हेतू नसतो. विदर्भात तुकडोजी महाराजांच्या सामुदायिक प्रार्थनेची परंपरा आहे आणि तिचा भाव सर्वधर्मसमावेशक आहे, हे मान्यच. पण कितीही समावेशक असली तरी ती प्रार्थना आहे. ती मुलाला हात जोडायला सांगते, विचारायला सांगत नाही. सहावीच्या इतिहासात प्राचीन भारतातील धार्मिक प्रवाहांवर एक पाठ आहे. त्यात वैदिक, जैन, बौद्ध यांच्याबरोबर ज्यू, ख्रिस्ती, इस्लाम, पारशी धर्मांचीही थोडक्यात ओळख होते. उपक्रम स्तुत्य आहे. मात्र ज्या मुलाच्या घरी देव्हाऱ्यात मूर्ती नाही, ज्याच्या कुळाची ओळख चार, पाच, सहा वा सात देवांच्या गटावरून ठरते आणि सोयरीकही त्यावरूनच जुळते, ज्याच्या गावात पेरणीआधी गायता, म्हणजे गावचा पुजारी, बियाण्याची पूजा करतो आणि पंडुम हा सण झाल्याशिवाय नवे फळ तोंडात घालत नाहीत, त्या मुलाला या पाठात आपले घर सापडत नाही. जेरुसलेमची माहिती त्याला मिळते, गावच्या पेनठाण्याची नाही. आश्रमशाळेतल्या मुलाची तर आणखी अडचण. पंडुमच्या दिवशी तो वसतिगृहात असतो, त्यामुळे घरची शिकवणही हुकते.

या अनुपस्थितीची किंमत भावनिक तर आहेच, पण तेवढीच नाही. या जंगलात श्रद्धा जमिनीला बांधलेली आहे. एटापल्ली तालुक्यातील सुरजागडच्या डोंगरावर दर जानेवारीत ठाकूरदेवाची यात्रा भरते, आणि त्याच डोंगरात लोहखनिज आहे. ओडिशातील नियमगिरीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १८ एप्रिल २०१३ रोजी डोंगरिया कोंधांच्या धार्मिक हक्कांची दखल घेतली आणि डोंगर त्यांच्या पूजेचा आहे की नाही हे ग्रामसभांना विचारले. म्हणजे आपली श्रद्धा काय, ती कोणत्या जागेशी निगडित आहे, हे नीट मांडता येणे हा आता नागरिकत्वाचा भाग झाला आहे. उद्या ग्रामसभेत बसणाऱ्या मुलाला ती मांडणी शाळेत शिकायला मिळत नसेल तर ती कुठे मिळेल? शेजारच्या समाजाची गोष्टही तशीच. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. आंबेडकरांनी चंद्रपुरात हजारोंना धम्मदीक्षा दिली. या भागातल्या कितीतरी बौद्ध घरांचा इतिहास त्या दिवसापासून नव्याने सुरू होतो. आपला वर्गमित्र सरस्वतीच्या तसबिरीपुढे का उभा राहत नाही, हे गोंड वा कुणबी मुलाला समजले पाहिजे. गडचिरोलीत काही गोंड मंडळी रावणाला पूर्वज मानतात, दसऱ्याला त्याची पूजा करतात आणि रावणदहनाला विरोध करतात. बोधकथेत वाईटावर चांगल्याचा विजय सांगणाऱ्या शिक्षकापुढे अशा घरचे मूल बसलेले असते. ते मूल काही बोलत नाही, म्हणून गुरुजींना अडचण आल्याचे कळतही नाही.

शिक्षकाला दोष देणे सोपे आहे, पण अन्यायाचे आहे. त्याच्या डी.एल.एड.मध्ये धर्मांचा तौलनिक अभ्यास हा स्वतंत्र विषय नसतो. अनेकदा तो दुसऱ्या जिल्ह्यातून आलेला असतो, गोंडी त्याला येत नाही, आणि धर्माचा विषय निघाला की तो बिचकतो, कारण एका वाक्यावरून तक्रार होऊ शकते. अशा वेळी गप्प बसणे किंवा सर्व धर्म एकच सांगतात असे म्हणून पुढे जाणे, हेच त्याला सुरक्षित वाटते. सर्व धर्म एकच सांगतात हे विधान तर अभ्यास सुरू होण्याआधीच संपवून टाकते. धर्म वेगवेगळे सांगतात, वेगवेगळे करतात, आणि तरी त्यांचे अनुयायी एका विहिरीवर पाणी भरू शकतात, हे मुलाला दिसले पाहिजे. विनोबांनी कुराण, ख्रिस्ताचा शुभसंदेश, धम्मपद, जपुजी यांचे एकेक करून परिशीलन केले आणि प्रत्येकाचे सार स्वतंत्र पुस्तकात दिले. सगळ्यांचे एक मिश्रण त्यांनी केले नाही. शिक्षकाला ही शिस्त शिकवता येईल.

याला आपल्या अगदी शेजारचे उदाहरण आहे, आणि ते विसरले गेल्याचे वाईट वाटते. चंद्रपूरला लागून असलेला आदिलाबाद जिल्हा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तिथे मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी १९४० च्या दशकात गोंडांसाठी शिक्षणयोजना उभी केली. मारलवाई या गावी गोंड तरुणांना शिक्षक म्हणून तयार करणारे केंद्र निघाले, देवनागरी लिपीत गोंडी वाचनपुस्तके झाली, आणि त्यांत गोंडांच्या स्वतःच्या कथा आल्या. सेतुमाधवराव पगडी त्या भागात अधिकारी होते. ते स्वतः गोंडी शिकले आणि आदिलाबादच्या गोंडांवर त्यांनी पुस्तक लिहिले. मला या योजनेत सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो तिचा क्रम. समाजातलाच शिक्षक आणि त्याचे प्रशिक्षण हे तिचे केंद्र होते, पुस्तके त्याच्या हाती देण्यासाठी होती. पुढे संस्थान गेले, १९५६ मध्ये आदिलाबाद आंध्र प्रदेशात आले, शाळांची भाषा बदलली आणि तो धागा तुटला.

इंग्लंडचा अनुभवही इथे पाहण्यासारखा आहे, कारण त्या देशाने धर्माचा विषय कायद्यानेच सक्तीचा केला. १९४४ च्या कायद्यात तो धार्मिक शिकवणीच्या रूपात होता. १९८८ च्या कायद्याने त्याचे रूप बदलून ख्रिस्ती धर्माबरोबर देशातील इतर प्रमुख धर्मांची दखल घेणे बंधनकारक केले. अभ्यासक्रम लंडनहून येत नाही. प्रत्येक स्थानिक प्राधिकरणात धर्मसमुदाय, शिक्षक आणि लोकप्रतिनिधी यांची समिती बसते आणि आपल्या भागापुरता अभ्यासक्रम सहमतीने ठरवते. पालकांना मुलाला त्या तासातून बाहेर काढण्याचा हक्क आहे. ही रचना निर्दोष नाही. त्या विषयाचे प्रशिक्षित शिक्षक पुरेसे नसणे हे तिथले जुने दुखणे आहे, आणि कायदा कितीही नेटका असला तरी शिक्षक कच्चा असेल तर तास वाया जातो, हाच त्याचा धडा. पण स्थानिक सहमतीचे तत्त्व आपल्याला परके नाही. धानोऱ्याजवळच्या मेंढा (लेखा) गावात निर्णय बहुमताने नव्हे तर सर्वसहमतीने होतात, आणि निर्णयाआधी अभ्यासगट बसतो. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवण्यात या गावाने पुढाकार घेतला तो याच सवयीच्या बळावर. १९९६ च्या पेसा कायद्याने तर आपल्या चालीरीती व सांस्कृतिक ओळख जपण्यास ग्रामसभा सक्षम आहे असे स्पष्टच म्हटले आहे. ज्या गावाला जंगलाचे व्यवस्थापन जमते त्याला आपल्या पंडुमबद्दल शाळेला काय सांगावे आणि काय सांगू नये, हे ठरवता येणार नाही असे मानणे हा उद्धटपणा आहे. ‘काय सांगू नये’ हेही महत्त्वाचे. पेनाशी निगडित काही विधी सर्वांसमोर उघडायचे नसतात. ती मर्यादा शाळेने पाळली पाहिजे.

यावर आक्षेप येतात आणि ते हलके नाहीत. सर्वांत गंभीर आक्षेप असा की गावच्या श्रद्धेला शाळेत मान दिला तर अंधश्रद्धेलाही मान मिळेल. गडचिरोलीत जादूटोण्याच्या संशयावरून माणसे मारली गेली आहेत. धानोऱ्यासह अनेक तालुक्यांत पाळीच्या दिवसांत बाई-मुलींना गावाबाहेरच्या कुर्माघरात राहावे लागते, पावसात, थंडीत, सापविंचवांच्या भीतीत. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे, आणि म्हणूनच मी अभ्यासाची बाजू घेतो. अभ्यास म्हणजे गौरव नव्हे. आज कुर्माघराबद्दल शाळा बोलतच नाही. मुलगी चार दिवस येत नाही, हजेरीपटावर गैरहजेरी लागते, आणि विषय मिटतो. धर्मांच्या अभ्यासात पाळीच्या विटाळाचा प्रश्न घेतला तर तो केवळ गोंडांचा नाही, देवळात जाण्यापासून स्वयंपाकघरापर्यंत हिंदू घरांतही तो आहे, हे वर्गाला दिसेल. मग टीका एका समाजावर बोट ठेवून होणार नाही, आणि मुलीला लाज न वाटता ती होईल. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर अमलात आला. तो कायदा श्रद्धेविरुद्ध नसून शोषणाविरुद्ध आहे, हा फरक समजावण्याची जागाही हाच तास आहे. बाहेरून आलेल्या बंदीपेक्षा आतून आलेला प्रश्न अधिक टिकतो.

दुसरा आक्षेप राजकीय आहे. आदिवासी हिंदू की त्यांचा धर्म वेगळा, या वादात शाळा ओढली जाईल. २०११ च्या जनगणनेत सुमारे ७९ लाख लोक ‘इतर धर्म’ या सदरात मोजले गेले, त्यांत गोंडी धर्म लिहिणारे दहा लाखांच्या घरात होते. त्याच वेळी असंख्य गोंड स्वतःला हिंदू म्हणवतात. डॉ. मोतीरावण कंगाली यांनी कोया पुनेमची, म्हणजे गोंडी धर्मविचाराची, सुसंगत मांडणी केली, व्यंकटेश आत्राम यांनी मराठीत गोंडी संस्कृतीचे संदर्भ गोळा केले. ही मांडणी प्रत्येक गावच्या रीतीशी तंतोतंत जुळेलच असे नाही. शाळेने या वादाचा निकाल देऊ नये. मुलांनी आपल्या गावात काय करतात ते नोंदवावे, आजोबा काय म्हणतात आणि शेजारचे काय म्हणतात ते लिहावे. नाव काय द्यायचे ते मोठे होऊन त्यांनी ठरवावे. इथे एक धोका मात्र खरा आहे. मौखिक परंपरा पुस्तकात गेली की तिची एकच आवृत्ती अधिकृत होते आणि पुढच्या गावची खोटी ठरते. म्हणून राज्यभराचे एक ‘आदिवासी धर्म’ नावाचे पाठ्यपुस्तक नको. बालभारतीने चौकट द्यावी, आशय तालुक्यातून यावा.

मुलांना वाचता येत नाही तिथे हे नवे खूळ कशाला, असेही विचारले जाईल. शिक्षक आधीच कमी आहेत, माहिती भरण्यात त्यांचा दिवस जातो. उत्तर सरळ आहे. नवा विषय नको, नवा तास नको. परिसर अभ्यास आणि भाषा यांतच हे बसते. गायत्याची मुलाखत घेऊन मुलाने दहा ओळी लिहिल्या तर ते लेखनच आहे, आणि ओळखीच्या विषयावरचे असल्याने अधिक चांगले लेखन आहे. अभ्यासाच्या नावाखाली बहुसंख्यांचा प्रचार घुसेल ही भीतीही उरतेच. ती अनाठायी नाही. तिच्यावर उपाय आहेत: पाठांतर व पूजा यांना अभ्यासात सक्त मनाई, वर्गात कोणता आशय जातो ते शाळा व्यवस्थापन समितीपुढे उघड असणे, आणि पालकाला नकाराचा हक्क. आज परिपाठात हे तिन्ही नाहीत, हे भीती व्यक्त करणाऱ्यांनी लक्षात घ्यावे.

करायचे काय ते आता नेमके सांगता येते. गडचिरोलीच्या जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेने धर्मांच्या अभ्यासाचे छोटे प्रशिक्षण सुरू करावे. त्यात गायता, भिक्खू, वारकरी, पाद्री, मौलवी हे पाहुणे म्हणून यावेत आणि शिक्षकांनी त्यांना प्रश्न विचारावेत. केंद्रांच्या शिक्षण परिषदेत वर्षातून दोन वेळा हा विषय घ्यावा, वर्गात आलेले अवघड प्रश्न तिथे मांडावेत. गोंडवाना विद्यापीठाने तालुक्यानुसार संदर्भसाहित्य गोळा करावे, तेही ग्रामसभेच्या संमतीने. प्रामाणिकपणे शिकवणाऱ्या शिक्षकावर तक्रार आली तर त्याची बाजू ऐकल्याशिवाय कारवाई होणार नाही, असे लेखी आश्वासन जिल्हा परिषदेने द्यावे. याविना बाकी सगळे कागदावर राहील. आणि शिक्षणहक्क कायद्याने वेदपाठशाळेला व मदरशाला जी वाट दिली तिच्याशेजारी ग्रामसभेच्या शाळांसाठी मान्यतेची वेगळी वाट राज्य सरकारने आखावी. शिक्षकांची पात्रता, मुलांची सुरक्षितता आणि मुख्य विषयांची पातळी यांचे निकष तिथे जरूर लावावेत, पण शाळा बंद करण्याची नोटीस हे सरकारचे पहिले पत्र असू नये.